आप्पांचे जड कान

कुणी जवळ सरकून हळू आवाजात बोलायला लागलं की आप्पा उजवा पंजा कानामागे न्यायचे, मान वाकडी करायचे आणि सगळ्या पथारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "जोरमा बोल भो! मले आयकू येत नही!"

समोरचा माणूस इकडेतिकडे बघायचा. आणखी थोडा जवळ सरकायचा. आप्पा तेवढेच मागे सरकायचे. असं करत करत काही माणसं त्यांच्यामागे पेढीच्या ओट्यावरून पार अंगणात उतरलेली मी पाहिली आहेत.

पथारी म्हणजे काय ते नंदुरबारच्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. बाजारातून घेतलेली ओली लाल मिरची गावाबाहेर मोकळ्या रानात पसरून वाळवतात, ती जागा म्हणजे पथारी. हिवाळ्यात तिथं जमीन दिसतच नाही. बाहेरगावचा पाहुणा गाडीतून उतरला की आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही.

आप्पांची पथारी गावात सगळ्यांत मोठी. ते व्यापाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्षही होते. त्यांनी एका गाडीवर बोली लावली की बाकीचे व्यापारी आपापले हिशेब बदलायचे. त्यांचं नाव इथं सांगत नाही. नाहीतरी बाजारात 'आप्पा' म्हटल्यावर दुसरं कुणी डोळ्यांपुढे यायचं नाही.

माझा छोटा छापखाना आहे. मिरचीच्या गोण्यांवरचे छाप, पाकिटांची लेबलं, लग्नपत्रिका, जे येईल ते मी छापतो. आप्पांकडे पहिल्यांदा गेलो तो लेबलाचा नमुना घेऊन. मी त्यावर मोठ्या हौसेने 'शुद्ध, अस्सल, घरगुती' असं टाकलं होतं. अदबीने, बेताच्या आवाजात म्हटलं, "आप्पा, एकदा नजर टाकता का?"

हात कानामागे गेला. "वाच की. जोरमा वाच!"

समोर देठं खुडणाऱ्या बायांची रांगच्या रांग बसलेली. मी ओरडून वाचलं. रांगेतली एक बाई हातातली मिरची तशीच धरून म्हणाली, "मंग बाकीनी मिरची काय अशुद्ध शे का?" सगळ्या रांगेला हसू फुटलं. आप्पा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आयकं का? मिरची शे तं मिरचीच लिख. जो माणूस घडी घडी सांगस ना, की मी खरा शे, मी खरा शे, त्याना घर आपन पोर देत नही."

तीन विशेषणं उडाली आणि माझी शाई वाचली. तेव्हापासून त्यांचं सगळं काम माझ्याकडे आलं.

आता तुम्ही विचाराल, त्यांना खरंच कमी ऐकू येत होतं का? आम्हां बाजारातल्या माणसांचा तो आवडता वाद होता. एकदा मी थेट माईंनाच, म्हणजे त्यांच्या घरच्यांनाच विचारलं. माई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "शेजारनी शेवनी भाजी फोडनीले टाकी तं या मानूसले आठे आयकू येस. तू काय इचारस!"

आणि हे मी स्वतः पाहिलं आहे. पथारीच्या पार टोकाला एखादी बाई खोकली की ओट्यावर बसलेले आप्पा मान वळवायचे. "ती लाल लुगडावाली दख. कालदिन पाईन खोकी ऱ्हायनी. तिले सावलीमा बसाड, नि गूळ-पानी दे." इतक्या लांबचा खोकला ज्याला ऐकू येतो, त्याला कानाशी लागून बोललेलं ऐकू येत नाही!

त्यामागची गोम मला हळूहळू कळली. आपल्या बाजारात खरं बोलायला आवाज उतरवावा लागत नाही. मिरची ओली आहे, भाव कमी आहे, गाडी उशिरा आली, तू गाढव आहेस, हे सगळं माणसं ओरडूनच बोलतात. आवाज खाली येतो तो एकाच कारणासाठी. आप्पांनी ते कारणच ऐकायचं बंद करून टाकलं होतं. त्यांनी कधी कुणाला 'मी असलं करत नाही' असं सुनावलं नाही, भाषण दिलं नाही, नाक वर केलं नाही. ते फक्त बहिरे झाले.

फोन आला तर स्पीकरवर टाकायचे. "आप्पा, जरा स्पीकर बंद करा ना," पलीकडून विनवणी व्हायची. "काय म्हनस? जोरमा बोल!" पलीकडचा फोन ठेवून द्यायचा, आणि आप्पा फोनकडे बघत म्हणायचे, "बिचारानी रेंज गयी वाटस."

एकदा एक तपासणी अधिकारी आले होते, कुठल्या खात्याचे ते राहू द्या. कडक इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. नमुने-बिमुने बघून झाल्यावर म्हणाले, "शेठ, तुमच्याशी जरा खासगीत बोलायचं होतं."

"खासगीमा? या ना, या!" असं म्हणून आप्पांनी त्यांचा हात प्रेमाने धरला आणि त्यांना पथारीच्या मधोमध नेलं. चारी बाजूंना मिरची, वर ऊन, वारा सुटलेला. "यानापेक्षा खासगी जागा मन्हापान नही. आते बोला."

साहेबांनी तोंड उघडलं आणि शिंकले. पुन्हा उघडलं, पुन्हा शिंकले. दोन शिंकांच्या मध्ये जे काही म्हणाले ते आप्पांना ऐकू आलं नाही. "जोरमा साहेब, जोरमा!" बाया खुडणं सोडून बघू लागल्या. शेवटी साहेबांनी हातानेच 'राहू द्या' अशी खूण केली. आप्पांनी त्यांना ओट्यावर आणून गूळ दिला, चहा दिला, डोळे धुवायला पाणी दिलं. जाताना साहेब स्वतःच हसत होते. तो माणूस पुढे बदलीच्या गावाहूनही आप्पांना दिवाळीला फोन करायचा आणि फोनवर ओरडून बोलायचा.

म्हणून आप्पांना देवमाणूस समजू नका. चहा अर्धा कप पाजायचे आणि वर 'पित्त व्हस' म्हणून उपदेश करायचे. पत्त्यांत तर इतके लबाड, की मांडीखाली पान ठेवून त्यावर बसायचे. पकडले गेले तर लाजायचे नाहीत. "दिनभर बजारमा सरळ वागस मी. मन्हा वाटानी लबाडी मले कठे तरी करू द्या ना!" आम्ही त्यांना ती करू द्यायचो.

असा हा माणूस एकदा खरोखरचा अडचणीत आला, आणि ती अडचण लेकीच्या रूपाने आली.

त्यांची एकुलती एक लेक नाशिकला शिकत होती. तिथं तिचं मन जमलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या मुलाशी. मुलगा सोन्यासारखा. त्याचे वडील शहाद्याकडचे मोठे मसाला कारखानदार. त्यांच्या गाड्या पार गुजरात, राजस्थानात जायच्या, आणि पुढाऱ्यांच्या गाड्या त्यांच्या दारात यायच्या. स्थळ दोन्हीकडून पसंत पडलं. माई हरखून गेल्या. पण कारखानदारांच्या मनात लग्नासोबत आणखी एक गोष्ट होती.

ती गोष्ट अशी. बाजारात मिरचीचा लिलाव उघड्यावर होतो. शेतकऱ्याची गाडी उभी राहते, व्यापारी भोवती जमतात, जो जास्त बोली लावील त्याची मिरची. पण सगळ्या मोठ्या खरेदीदारांनी आधीच बंद दाराआड ठरवलं, की यंदा अमुक भावाच्या वर कुणी जायचं नाही, तर लिलावाचं नुसतं नाटक उरतं. शेतकरी समोर उभा असतो आणि त्याला वाटतं, आज नशीबच खराब. कारखानदारांनी बाकीचे मोठे व्यापारी गळाला लावले होते. फक्त आप्पा राहिले होते. आप्पा वर बोली लावत राहिले तर बाकीच्यांचं ठरवणं फुकट जाणार होतं.

साखरपुड्याच्या पत्रिकेचा नमुना घेऊन मी पेढीवर गेलो होतो, तेव्हा कारखानदार तिथं आले. माझ्यादेखतच ते आप्पांच्या कानाला लागले. होणाऱ्या व्याह्यांसमोरही आप्पांचा पंजा सवयीने वर गेला. "जोरमा सांगा याही!"

कारखानदार समजायचं ते समजले. उठले, कपडे झटकले आणि आता मात्र मलाही ऐकू येईल असं म्हणाले, "याही, आपन आते एक घर व्हई ऱ्हायनूत. घरमा एकच भाव ऱ्हावाले पायजे. साखरपुडाले मी जवाब मांगसू. जवाब नही भेटना तं मंग पुढनं पुढे दखसूत."

ते गेले. आप्पा माझ्या पत्रिकेकडे नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरनं मन तठे गुतेल शे रे. हा म्हनसू तं बजारमा तोंड कसं दखाडू? नही म्हनसू तं घरमा कसं दखाडू?" मला फार वाईट वाटलं. मी पत्रिकेतली एक वेलांटी उगाच दोनदा तपासली.

लेक आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाहेर येऊन ती बापाजवळ बसली. म्हणाली, "आप्पा, त्यास्ना पोऱ्या मले आवडस, हाई खरं शे. पन मन्हाकरता तुम्ही आयकाले लागू नका. तुम्ही आयकं ना, तं मी तठे कोनता तोंडघाई हासू?"

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती आत गेल्यावर मला म्हणाले, "छाप पत्रिका."

साखरपुडा मंगल कार्यालयात. आमच्याकडचा साखरपुडा म्हणजे लग्नाची रंगीत तालीमच. नात्यातले आले, बाजारातले आले, ज्यांची मिरची आप्पा घ्यायचे ते तापीकाठचे शेतकरी गाड्या भरभरून आले. आणि आमच्याकडचा सत्कार! अंगठी एका मिनिटात घालून होते, सत्कार मात्र संपता संपत नाहीत. माईकवर एक गुरुजी असतात. "यांनी मंचावर यावं, त्यांनी मंचावर यावं," टोपी, उपरणं, नारळ, फोटो. मुलाच्या मावशीच्या दिराचासुद्धा सत्कार होतो. अंगठ्या घालून झाल्या होत्या, पोरगा-पोरगी फोटोला उभे होते, आणि गुरुजी नारळांच्या ढिगाकडे बघत पुढचं नाव शोधत होते.

मंचावर सोफ्यात दोन्ही व्याही शेजारी शेजारी. मी खाली पहिल्या रांगेत. मला दिसलं, कारखानदार हसऱ्या चेहऱ्याने आप्पांच्या कानाला लागले. बघणाऱ्याला वाटावं, जेवणाचं विचारत असतील. लेकीचंही लक्ष तिकडेच होतं.

आप्पांचा हात कानामागे गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि गुरुजींकडे लांब केला. "गुरुजी, माईक आना इकडे."

माईक हातात घेऊन ते उभे राहिले. "मंडळी, मन्हा कान जड शेतस, हाई तुम्हले म्हाईतच शे. मन्हा याहीस्ले या हंगामना भावबद्दल काहीतरी सांगनं शे. मले येकलाले सांगी ऱ्हायनात, पन मले आयकू येत नही. नि आठे बठेल निम्मा लोक मिरचीवाला शेतस. मंग म्हनं, सगळास्लेच सांगा."

आणि त्यांनी माईक कारखानदारांच्या हातात दिला.

कारखानदारांनी हातातल्या माईककडे बघितलं. कित्येक पुढारी हाताखालून गेलेला हा माणूस, पण समोर बसलेले शेतकरी, बायका, स्वतःचा मुलगा, होणारी सून, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. कानात सांगायची गोष्ट माईकवर कशी सांगणार? त्यांनी घाम पुसला. माईक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला. शेवटी म्हणाले, "या हंगामले... ज्यानी मिरची चांगली, त्याले भाव चांगला. ज्यानी त्यानी आपापली बोली लावनी. कोनी कोनले रोकाव नही. हाई मन्हा शबद शे."

काय टाळ्या पडल्या म्हणता! मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी उडवली. गुरुजींनी प्रसंग ओळखून कारखानदारांचा लगेच दुसऱ्यांदा सत्कार केला.

पण कारखानदारांचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा लाल झाला होता. ते खाली उतरले ते थेट दाराकडे निघाले. जेवणाआधी व्याही उठून जाणं याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. माई जागच्या जागी बसल्या. आप्पा दाराकडे बघत होते, आणि तेव्हा ते मला पहिल्यांदा म्हातारे वाटले.

तेवढ्यात नवरदेव पंगतीत जाऊन बसला. एकटाच. पुढ्यातलं रिकामं ताट त्याने सरळ केलं आणि दारापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "आप्पा, भूक लागनी! वाढा!"

होणारा जावई पहिल्यांदाच काही मागत होता. लेक धावली आणि स्वतः बट्टी वाढायला लागली. वरण आलं, वांग्याची भाजी आली. दारात कारखानदार थबकले. पोराकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग कुणाकडेही न बघता परत आले आणि पोराच्या शेजारी बसले. बट्टी अशी काही कुस्करली, की तिने काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक. पण तीन वेळा वरण मागितलं, आणि तूप नको म्हणाले नाहीत.

तरी भरल्या पोटी दिलेला शब्द बाजारात टिकतो का, हे हंगाम सुरू झाल्याशिवाय कळणार नव्हतं. लग्न हंगामानंतर होतं. म्हणजे मधल्या दिवसांत काहीही होऊ शकलं असतं.

पहिल्या लिलावाला मी काम नसताना गेलो. निम्मं गाव तसंच आलं होतं. पहिली गाडी तळोद्याकडच्या एका नवरा-बायकोची. बाई गाडीतल्या मिरचीवरच बसली होती. कारखानदार स्वतः आले. त्यांनी पहिली बोली लावली ती खालची, त्यांनी आधी बंद दाराआड ठरवलेलीच. बाकीचे मोठे व्यापारी आपल्या चपला बघायला लागले.

आप्पांनी बोली वाढवली. कारखानदार पुढे वाढवेनात. पुकारणारा "एक वार" म्हणाला. आप्पा पुढे सरकले नाहीत की मागेही हटले नाहीत.

मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "शेठ, माईक आनू का?"

आधी एक जण हसला, मग सगळा बाजार हसला. गाडीतली ती बाई, जिला कशाचा काही पत्ता नव्हता, तीही हसली. कारखानदारांनी ओठ दाबून धरले, पण ते काही त्यांना जमलं नाही. पोट धरून हसायला लागले. आणि हसता हसताच हात वर करून म्हणाले, "शंभर वर!"

"आखो शंभर," आप्पा म्हणाले.

त्यानंतर दोन व्याही असे काही भिडले की बाकीच्यांनाही राहवेना. तेही बोलीत उतरले. त्यांचं ठरवणं तिथंच मिरचीच्या ढिगात गाडलं गेलं. ती गाडी शेवटी कारखानदारांनी नेली. आप्पा हरले आणि बाहेर येऊन मला मिठीच मारली. "हारनू रे, हारनू!" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि चक्क पूर्ण कप.

लग्न थाटात झालं. पाठवणीला आप्पा हमसून हमसून रडले आणि त्यांना सावरायला कारखानदारच होते. पुढे प्रत्येक हंगामात दोघे शेजारी शेजारी उभे राहायचे आणि एकमेकांवर बोली चढवायचे. कारखानदार करवादायचे, "हाऊ मानूस मले बुडाडी!" पण आप्पांना यायला उशीर झाला तर लिलाव थांबवून धरणारेही तेच.

आप्पा गेले ते भर उन्हाळ्यात, बाजार बंद असताना. फार त्रास झाला नाही. पथारीवरच्या बाया आपापल्या डोंगरातल्या गावांना परतल्या होत्या. त्यांना कळलं तेव्हा हंगाम सुरू झाला होता.

त्या हंगामाच्या पहिल्या लिलावाला मी गेलो. कारखानदार काठी टेकत आले. पहिल्या गाडीची मिरची हातात घेऊन त्यांनी बोली लावली. बोली चांगली होती, तिच्यावर कुणी गेलं नाही. ते आपल्या डावीकडे बघत थांबले. तिथं मोकळी जागा होती. पुकारणारा "एक वार" म्हणाला, मग "दोन वार" म्हणाला.

"शंभर वर," कारखानदार म्हणाले.

पुकारणारा गोंधळला. "शेठ, पहिली बोली भी तुम्हनीच शे. कोनी वाढाडेल नही."

"मले म्हाईत शे," ते म्हणाले. "मन्हा याही ऱ्हाता तं वाढाडता. पुकार."

आणि पुकारणाऱ्याने शंभर वाढवून बोली पुकारली.